वाचकांचे प्रश्न : फुटबॉलपटूंची आत्मचरित्रे घ्यावीत का, वाचावीत का?

प्रश्न : कोल्हापुरातील एका पेठेत आमचे जुने सार्वजनिक वाचनालय आहे. नव्या पुस्तकांसाठी दरवर्षी हाताशी असणारी रक्कम तुटपुंजी असते. यंदा शाहू स्टेडियमवर खेळणाऱ्या आणि एरवी वाचनालयाची पायरी न चढणाऱ्या काही मुलांनी परदेशी फुटबॉलपटूंची आत्मचरित्रे मागवावीत, असा लेखी अर्ज दिला आहे. आमच्या कार्यकारिणीतील ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे असे की, ही पुस्तके खेळाडूंनी लिहिलेलीच नसतात, पैसे देऊन दुसऱ्याकडून लिहून घेतलेली असतात आणि खेळाडू निवृत्त झाला की ती रद्दीत जातात. यात तथ्य किती? वाचनालयाचे पैसे अशा पुस्तकांवर खर्च करावेत का?
— एका वाचनालयाचे कार्यवाह, कोल्हापूर

उत्तर : कार्यवाह महोदय, ज्या मुलांनी आयुष्यात पहिल्यांदा पुस्तकांसाठी अर्ज लिहिला त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवू नये, हे माझे मत आरंभीच नोंदवतो. पण आपल्या ज्येष्ठ सभासदांची शंकाही रास्त आहे. या प्रकारातील बहुसंख्य पुस्तके खरोखरच विकत घेण्याच्या योग्यतेची नसतात आणि मी स्वतः त्यांतली कितीतरी अर्ध्यावर मिटून ठेवली आहेत. लहानपणी गल्लीत चेंडू खेळणे, कुणा जाणत्याची नजर पडणे, पहिला सामना, पहिला गोल, पहिला करंडक आणि शेवटी आईवडिलांचे व चाहत्यांचे आभार, एवढ्या ऐवजावर तीनशे पाने ताणलेली असतात. इंग्लंडचा आघाडीवीर वेन रूनी याचे पहिले आत्मचरित्र २००६ साली आले तेव्हा तो अवघ्या वीस वर्षांचा होता, आणि प्रकाशकाने त्याच्याशी बारा वर्षांत पाच पुस्तके देण्याचा करार केला होता, ज्याची किंमत पन्नास लाख पाउंडांच्या घरात सांगितली गेली. मुलगा कितीही गुणी असला, तरी विसाव्या वर्षी मागे वळून पाहायला त्याच्यामागे वाट तरी किती असणार? शिवाय ज्या सहकाऱ्यांबरोबर आणि प्रशिक्षकांबरोबर उद्या सकाळी सरावाला उतरायचे आहे, त्यांच्याविषयी मनातले लिहिण्याची मुभा त्याला नसतेच.

त्याच वर्षी अ‍ॅशली कोल या इंग्लंडच्या बचावपटूचेही आत्मचरित्र आले. त्यातला एक प्रसंग पुस्तकापेक्षा अधिक गाजला. आर्सेनल क्लबने आठवड्याला ६० हजार पाउंडांऐवजी ५५ हजार पाउंड देऊ केले आहेत, असे त्याला गाडी चालवत असताना फोनवर कळले आणि संतापाने त्याची गाडी रस्त्यावरून घसरता घसरता राहिली, असे त्याने लिहिले. वाचक चिडले, आणि त्यांचे चिडणे मी समजू शकतो. तरीही मला वाटते की त्या पुस्तकातले जपून ठेवण्यासारखे पान तेवढेच आहे. इंग्लंडमध्ये १९६१ पर्यंत फुटबॉलपटूच्या वेतनाला कायदेशीर वाटावी अशी कमाल मर्यादा होती आणि ती शेवटी आठवड्याला २० पाउंड होती. त्या काळी खेळाडू आणि प्रेक्षक एकाच बसने मैदानावर येत असत. पुढच्या ४५ वर्षांत दोघांमध्ये किती अंतर पडले, हे एखाद्या समाजशास्त्रीय ग्रंथाला सांगता आले नसते इतक्या उघडपणे त्या एका पानाने सांगितले आहे. पण एका पानासाठी वाचनालयाने पूर्ण पुस्तक घ्यावे, असे मी सुचवणार नाही.

आता दुसऱ्याकडून लिहून घेण्याचा मुद्दा. आपल्या सभासदांचा मुख्य आक्षेप हाच दिसतो आणि मी त्याच्याशी सहमत नाही. 'शब्दांकन' ही गोष्ट मराठी वाचकाला नवी नाही. आपल्या दिवाळी अंकांत नटांच्या, गायकांच्या आणि उद्योजकांच्या आठवणी दरवर्षी छापून येतात, शेवटी बारीक अक्षरांत शब्दांकन करणाऱ्याचे नाव असते आणि त्यामुळे त्या आठवणी खोट्या ठरल्या, असे आपण कधी मानलेले नाही. पंधराव्या-सोळाव्या वर्षी शाळा सोडून मैदानावर गेलेल्या माणसाने स्वतःच लेखणी चालवली पाहिजे, हा आग्रह न्याय्य नाही. आपण विचारायचे ते इतकेच, की शब्दांकन करणाऱ्याने त्या माणसाचा आवाज पकडला आहे, की त्याच्या तोंडी वर्तमानपत्री वाक्ये घातली आहेत.

याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे स्वीडनच्या झ्लाटान इब्राहिमोविचचे २०११ साली आलेले आत्मचरित्र. ते डेव्हिड लागरक्रान्स या पत्रकार-कादंबरीकाराने लिहिले. पुस्तकातली वाक्ये झ्लाटानने उच्चारलेली आणि जशीच्या तशी टिपून घेतलेली नाहीत, त्याच्या बोलण्याचा सूर घेऊन आपण ती घडवली आहेत, हे त्याने पुढे मोकळेपणाने मान्य केले. त्यावर थोडी खळबळ झाली. पण स्वीडनमधील प्रतिष्ठेच्या ऑगस्ट पुरस्काराच्या अंतिम यादीत हे पुस्तक होते, आणि ते तिथे का होते, हे पहिली पन्नास पाने वाचली की कळते. माल्मो शहरातल्या रोसेनगार्ड या स्थलांतरितांच्या वस्तीत झ्लाटान वाढला. वडील बोस्नियाचे, आई क्रोएशियाची. दोघे वेगळे झालेले. वडिलांच्या घरी फ्रीज उघडला की आत बिअरखेरीज काही नसे आणि मुलगा खाण्याच्या शोधात एकेक कपाट उघडून पाही. एकदा वडिलांनी त्याच्यासाठी आयकियाच्या दुकानातून पलंग विकत घेतला, पण तो घरपोच मागवण्याइतके पैसे उरले नव्हते. तेव्हा वडिलांनी पलंग पाठीवर घेतला आणि ते कित्येक मैल चालत घरी निघाले. मागून मुलगा पलंगाच्या उशा-पायथ्याच्या फळ्या उचलून, वडिलांना गाठण्यासाठी धापा टाकत येत होता. ज्या मराठी वाचकाने आपल्याकडची दलित आणि भटक्या-विमुक्तांची आत्मकथने वाचली आहेत, त्याला या प्रसंगाशी नाते जोडायला फुटबॉल कळण्याचीही गरज नाही. वाक्ये कुणाची का असेनात, तो पलंग त्या बापाच्याच पाठीवर होता.

मग पुस्तक निवडायचे कसे? लिहिणाऱ्याला ते लिहिण्याची काही किंमत मोजावी लागली का, किंवा ती मोजावी लागेल हे ठाऊक असूनही त्याने लिहिले का, हा प्रश्न मी प्रत्येक आत्मचरित्राला विचारतो.

टोनी शूमाखर हा पश्चिम जर्मनीचा गोलरक्षक. १९८२ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात फ्रान्सच्या बातिस्तोंवर तो इतक्या जोरात आदळला की बातिस्तों बेशुद्ध पडला आणि त्याचे दात पडले. जुन्या प्रेक्षकांना तो यासाठी आठवत असेल. याच शूमाखरने १९८७ साली आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले आणि जर्मन फुटबॉलमध्ये उत्तेजक द्रव्ये घेतली जातात, हे त्यात नोंदवले. त्या वेळी तो निवृत्त झालेला नव्हता, राष्ट्रीय संघात होता. पुस्तक आले आणि त्याचे राष्ट्रीय संघातले स्थान गेले. ज्या कोलोन क्लबसाठी तो पंधरा वर्षे खेळला, त्या क्लबनेही त्याला काढून टाकले. पुस्तकातला प्रत्येक शब्द मान्य करा, असे मी म्हणत नाही. पण नोकरी पणाला लावून लिहिलेल्या मजकुराचे वजन वेगळे असते, आणि ते वाचताना जाणवते.

संडरलँड क्लबचा आणि इंग्लंडचा आघाडीवीर लेन शॅकलटन याने १९५५ साली आपल्या आत्मचरित्रात एक प्रकरण घातले. शीर्षकाचा आशय असा होता की, क्लबच्या सर्वसाधारण संचालकाला फुटबॉलचे किती कळते. त्याखालचे पान त्याने कोरे सोडले. वीस पाउंडांचेही वेतन न मिळणाऱ्या खेळाडूंच्या जिवावर क्लबचे कारभार करणाऱ्यांविषयीचा सगळ्या पिढीचा राग त्या कोऱ्या पानात आहे.

आणि एमन डनफी. आयर्लंडचा हा मध्यरक्षक लंडनच्या मिलवॉल या दुसऱ्या श्रेणीतल्या क्लबात खेळत असताना त्याने १९७३-७४ च्या हंगामाची रोजनिशी लिहिली. १९७६ साली ती पुस्तकरूपाने आली. तो मोठा खेळाडू नव्हता. हंगामाच्या आरंभी त्याला या वर्षी वरच्या श्रेणीत जाण्याची आशा आहे आणि काही आठवड्यांतच तो संघाबाहेर फेकला जातो. संघाबाहेर बसलेल्या खेळाडूला आपलाच संघ हरावा असे मनातून वाटत असते, कारण संघ जिंकला तर आपली जागा कायमची जाते, ही कबुली त्याने इतक्या साध्या शब्दांत दिली आहे की वाचताना मला माझ्या स्वतःच्या मनाचा एक कोपरा दिसला. मुलांच्या अर्जातील नावांत डनफी नसणार, याची मला कल्पना आहे. तरीही माझ्या यादीत पहिले नाव त्याचेच राहील. यशस्वी खेळाडूचे आत्मचरित्र वाचून मुलाला यश म्हणजे काय ते कळते. शाहू स्टेडियमवर खेळणाऱ्या शंभर मुलांपैकी नव्व्याण्णवांना पुढे ज्या प्रश्नाला सामोरे जायचे आहे, तो प्रश्न मात्र डनफीच्या पुस्तकात आहे.

किंमत मोजण्याच्या या कसोटीत न बसणारे, तरीही घ्यावे असे एक पुस्तक सांगितलेच पाहिजे. इटलीच्या आंद्रेया पिर्लोने २०१३ साली लिहिलेले, म्हणजे पत्रकार अलेस्सांद्रो अल्चातोने शब्दांकन केलेले छोटेसे आत्मचरित्र. त्यात कबुलीजबाब नाहीत. त्यात हुन्नर आहे. ब्राझीलचा जुनिन्यो फ्री किक कशी मारतो, हे कोडे पिर्लोला सुटत नव्हते. त्याने चित्रफिती पाहिल्या, छायाचित्रे जमवली, दिवसेंदिवस चेंडू मारून पाहिला आणि तरीही चेंडू ऐकेना. अखेर त्याच्या लक्षात आले की, आपण चेंडूला पाय कुठे लागतो तेवढेच पाहत होतो, तो कसा लागतो हे पाहिलेच नव्हते. जुनिन्यो चेंडूला खालून आणि पावलाच्या पहिल्या तीन बोटांनी मारतो, त्या क्षणी पाऊल शक्य तितके सरळ ठेवतो आणि मग एका झटक्यात ढिले सोडतो. त्यामुळे चेंडू हवेत गिरकी घेत नाही आणि गोलच्या तोंडाशी अचानक खाली उतरतो. हे लक्षात आले त्याच्या दुसऱ्या दिवशी तो सकाळी लवकरच सरावाच्या मैदानावर धावला. एखाद्या गवयाने आपल्याला एक जागा कशी सापडली हे सांगावे, तसे ते वर्णन आहे. जी मुले हे वाचतील ती दुसऱ्या दिवशी मैदानावर तीन बोटांनी चेंडू मारून पाहतील, याविषयी मला शंका नाही.

तेव्हा माझी विनंती अशी की, आपण डनफी, झ्लाटान, पिर्लो आणि पुढच्या उत्तरात ज्याच्याविषयी लिहिणार आहे तो टोनी अ‍ॅडम्स, अशी चार पुस्तके घ्यावीत. ही पुस्तके इंग्रजीत आहेत आणि मुलांना ती जड जातील, अशी शंका सभासद काढतील. पण खेळाची इंग्रजी मुलांना समालोचनातून बरीच येत असते आणि मैदानावरच्या प्रसंगांत ती अडखळत नाहीत. सध्या खेळत असलेल्या कुठल्याही खेळाडूचे, त्याच्या छायाचित्रांनी भरलेले चकचकीत पुस्तक मात्र घेऊ नये. मुलांनी फारच हट्ट धरला, तर त्यांनी वर्गणी काढून ते आणावे आणि वाचून झाल्यावर वाचनालयाला द्यावे.

प्रश्न : माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. शाळेच्या पुस्तकांखेरीज तो काही वाचत नसे. आता मित्राकडून आणलेली फुटबॉलपटूंची आत्मचरित्रे रात्री जागून वाचतो. वाचतो याचा आनंद आहे, पण मी एक पुस्तक चाळले तेव्हा त्यात शिवीगाळ, दारू आणि प्रतिस्पर्ध्याला मुद्दाम जखमी करण्याची भाषा दिसली. ही पुस्तके त्याच्या हातून काढून घ्यावीत का?
— एक आई, ठाणे

उत्तर : ताई, काढून घेऊ नका. पण त्याच्या आधी किंवा त्याच्याबरोबर तुम्हीही वाचा, कारण तुम्ही पाहिलेल्या गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांवर घरात बोलणे व्हायला हवे.

तुमच्या वर्णनावरून ते पुस्तक आयर्लंडच्या रॉय कीनचे, २००२ साली आलेले असावे. त्याचे शब्दांकन एमन डनफीनेच केले आहे, ज्याच्याविषयी मी वर लिहिले. त्यातला वादग्रस्त प्रसंग असा आहे. १९९७ साली लीड्सविरुद्धच्या सामन्यात आल्फ-इंगे हालांडच्या मागे धावताना कीनच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. तो जमिनीवर पडलेला असताना हालांडने वर उभे राहून, तो सोंग करतो आहे, असे त्याला सुनावले. कीनचा जवळजवळ सगळा हंगाम वाया गेला. २००१ च्या एप्रिलमध्ये, मँचेस्टरच्या दोन क्लबांमधील सामन्यात, कीनने हालांडच्या गुडघ्यावर भयंकर पाय घातला आणि त्याला लाल कार्ड मिळाले. पुस्तकात हा प्रसंग जुना हिशेब चुकता केल्याच्या भाषेत आला. त्यामुळे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने पुस्तकाच्या आधारे नव्याने चौकशी केली आणि कीनला पाच सामन्यांची बंदी व दीड लाख पाउंडांचा दंड केला. सुनावणीत डनफीने सांगितले की शब्द आपले होते, लेखक म्हणून आपण थोडे स्वातंत्र्य घेतले होते. तुमच्या मुलाला हे सांगा की, तो ज्याचे गोल पाहतो त्या अर्लिंग हालांडचे हे वडील. मग त्याला विचारा की, हाच प्रसंग त्या वडिलांनी लिहिला असता तर कसा लिहिला असता. आत्मचरित्र म्हणजे एका बाजूची साक्ष असते आणि दुसरी बाजू आपण मनात उभी करायची असते, ही गोष्ट चौदाव्या वर्षी शिकवायला याहून चांगला धडा मला सुचत नाही.

दारूविषयी तुम्हाला वाटणारी काळजी अधिक मोलाची आहे आणि म्हणूनच मी त्याच्या हाती टोनी अ‍ॅडम्सचे १९९८ सालचे आत्मचरित्र आपण होऊन द्यावे, असे सुचवतो. अ‍ॅडम्स हा आर्सेनलचा आणि इंग्लंडचा कर्णधार. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल १९९० च्या डिसेंबरात त्याला तुरुंगवास झाला. सुटल्यावर तो पुन्हा खेळू लागला, पुन्हा जिंकू लागला आणि पुन्हा पिऊ लागला. १९९६ च्या युरोपीय स्पर्धेत तो इंग्लंडचा कर्णधार होता. स्पर्धा संपेपर्यंत त्याने स्वतःला दारूपासून दूर ठेवले आणि उपांत्य फेरीत हार होताच जो पिऊ लागला तो कित्येक आठवडे थांबला नाही. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये त्याने आपण दारूच्या व्यसनात अडकलो आहोत, असे संघातल्या सहकाऱ्यांसमोर आणि मग जाहीरपणे सांगितले. ज्या ड्रेसिंग रूममध्ये जास्त पिणारा तो मोठा पुरुष मानला जाई, तिथे कर्णधाराने हे म्हणणे सोपे नव्हते. पुढे २००० साली त्याने व्यसनांत सापडलेल्या खेळाडूंसाठी उपचारकेंद्र सुरू केले.

हे पुस्तक मी मोठे मानतो ते त्यात अ‍ॅडम्स स्वतःला सोडत नाही म्हणून. मैदानावर करंडक उंचावणारा माणूस आणि अंथरूण ओले करून सकाळी उठणारा माणूस एकच आहे, हे तो लिहितो. अशा पुस्तकात दारूचे वर्णन आले, तरी ते वाचून कुणाला दारूचे आकर्षण वाटणार नाही. फरक बढाई आणि कबुली यांत आहे, आणि चौदा वर्षांच्या मुलाला तो कळतो. आपण मोठी माणसे समजतो त्यापेक्षा लवकर कळतो.

एक पुस्तक मात्र त्याने आणखी तीन-चार वर्षांनी वाचावे. जर्मनीचा गोलरक्षक रॉबर्ट एन्के याला आपल्या नैराश्याविषयी एक दिवस लिहायचे होते आणि ते पुस्तक आपला पत्रकार मित्र रोनाल्ड रेंग याच्याबरोबर करावे, असे त्याच्या मनात होते. खेळत असताना ते लिहिता येणार नाही, कारण गोलरक्षकाचे मन खचलेले आहे हे कळले तर आपली जागा जाईल, अशी त्याला भीती होती. २००९ च्या नोव्हेंबरात, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्याने आयुष्य संपवले. मग रेंगने एकट्याने त्याचे चरित्र लिहिले. ते तुम्ही स्वतः आधी वाचा. खेळणाऱ्या मुलाच्या आईने वाचावे असे ते पुस्तक आहे, आणि मुलगा खेळून घरी आल्यावर त्याला 'जिंकलात का?' याआधी काय विचारावे, हे मला ते वाचल्यानंतर कळले.

प्रश्न : मी सतरा वर्षांची आहे, मडगावला राहते आणि आमच्या कॉलेजच्या संघात बचावफळीत खेळते. मला मिळालेली सगळी आत्मचरित्रे परदेशी पुरुषांची आहेत. मुलींची नाहीत का? आणि आपल्याकडच्या खेळाडूंची का नाहीत?
— एक विद्यार्थिनी, मडगाव

उत्तर : तुझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आनंदाने देतो. मुलींची आहेत आणि गेल्या काही वर्षांत ती वाढत आहेत. अमेरिकेच्या अ‍ॅबी वाम्बाकचे २०१६ सालचे आत्मचरित्र अवश्य वाच. तिने आंतरराष्ट्रीय सामन्यांत १८४ गोल केले, आणि तिच्या निवृत्तीच्या वेळी पुरुष किंवा स्त्री, कुणाच्याही नावावर त्याहून जास्त गोल नव्हते. तरीही पुस्तकात गोलांची मोजदाद फार नाही. दारूचे आणि गोळ्यांचे व्यसन, मोडलेला संसार, आणि खेळ संपल्यावर मी कोण उरले, हा प्रश्न त्यात आहे. निवृत्तीनंतर वर्षाच्या आत तिने हे सगळे लिहून काढले. माझ्या कसोटीला ते पूर्ण उतरते. तिच्याच संघातल्या मेगन रापिनोचे पुस्तक २०२० साली आले. त्यात स्त्री-खेळाडूंच्या समान वेतनाच्या लढ्याचा वृत्तांत आतल्या बाजूने वाचायला मिळतो.

तुझा दुसरा प्रश्न मला बोचला. भारतीय फुटबॉलपटूंची आत्मचरित्रे फार थोडी आहेत. चुनी गोस्वामींनी बंगालीत आपल्या आठवणी लिहिल्या. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाचे ते कर्णधार होते, आणि हेच गोस्वामी पुढे बंगालच्या क्रिकेट संघाचे कर्णधार म्हणून १९७१-७२ च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध उतरले. बंगालीत मैदानाविषयी लिहिण्याची आणि वाचण्याची जुनी सवय आहे, म्हणून ते पुस्तक झाले. आपल्याकडे क्रिकेटविषयी ती सवय लागली. फुटबॉलविषयी लागली नाही. मुंबईकडून खेळलेल्या नेव्हिल डिसूझांनी १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले, भारत ४-२ असा जिंकला आणि अखेर चौथा आला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये तीन गोलांची हॅट्ट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू. त्या दिवशी सामन्याआधी त्यांच्या मनात काय होते, पायात बूट कसले होते, परत आल्यावर बंदरावर किंवा विमानतळावर कोण घ्यायला आले होते, हे त्यांच्या शब्दांत वाचण्यासाठी मी वाटेल ते दिले असते. तुझ्यासारख्या मुलींसाठी मणिपूरच्या ओइनाम बेमबेम देवींची हकिकतही त्यांच्या तोंडून सविस्तर ऐकायला हवी. २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली, पण त्याआधीची कितीतरी वर्षे त्या कुठल्या मैदानांवर, कुणाच्या खर्चाने आणि कुणाचा विरोध पत्करून खेळल्या, ही माहिती पदकापेक्षा मोलाची आहे.

म्हणून तुला एक काम सुचवतो आणि कोल्हापूरच्या कार्यवाहांनाही तेच सुचवतो. तुझ्या गावात धेंपो, साळगावकर किंवा वास्को या क्लबांकडून सत्तर-ऐंशीच्या दशकांत खेळलेली माणसे आज सत्तरीच्या पुढे आहेत. कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमींच्या संघांतून खेळलेली त्या वयाची माणसे संध्याकाळी अजून मैदानाच्या कट्ट्यावर येऊन बसतात. त्यांच्याकडे जा आणि फोनवर ध्वनिमुद्रण सुरू करून ऐक. 'तुमच्या कारकिर्दीतला अविस्मरणीय क्षण कोणता?' असे विचारू नकोस, कारण त्याचे उत्तर त्यांनी शंभर वेळा दिलेले असते आणि ते गुळगुळीत झालेले असते. पहिले बूट कुणी आणून दिले, त्यांची किंमत किती होती, पावसाळ्यात ते वाळवायचे कुठे, क्लबने नोकरी कुठली लावली, सामन्याच्या दिवशी त्या नोकरीतून सुटी मिळे का, दुखावलेल्या गुडघ्यावर कुणी इलाज केला, शेवटचा सामना शेवटचा आहे हे त्या दिवशी ठाऊक होते का, असे विचार. बायकोलाही विचार, तिच्याकडे वेगळी हकिकत असते. आणि मग ते जसे बोलले तसे, कोकणीत बोलले असतील तर कोकणीत, मराठीत बोलले असतील तर त्यांच्या मराठीत, एका वहीत उतरवून काढ. पलंग पाठीवर घेऊन चालत आलेला बाप स्वीडनमध्येच असतो असे नाही.

तुझी पहिली दहा पाने झाली की ती माझ्याकडे पाठव. मी ती वाचेन, आणि संपादकांना दाखवेन.